पाळण्याला गोष्ट कशाला?



आम्ही चौदा जणी आहोत. गट सुरू होऊन अकरा वर्षं झाली. गटाचं आणि गावाचं नाव आज मुद्दाम सांगत नाही, कारण बोलता बोलता गावातल्या एका घराचा विषय निघणार आहे. अलिबागच्या खाली, चौल-रेवदंड्याच्या अंगाला आमचं गाव, एवढं पुरे.

विषय ऐकून हसाल. जत्रेतला पाळणा, भूत बंगला, आणि त्यांना गोष्ट लागते का, यावर आम्ही बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत हा काय विषय, असं आमच्या घरच्यांनीही विचारलं. पण हप्ते, कर्ज आणि पापडाचा हिशोब झाल्यावर लागोपाठ तीन शुक्रवार आम्ही यावरच बोललो. का, ते सांगतो.

आमची जत्रा लहान. चौलच्या दत्ताची जत्रा दत्तजयंतीपासून पाच दिवस चालते, तिथे मोठे आकाशपाळणे येतात, ब्रेक डान्स येतो, होडी येते. ती उठली की त्यातला एखादा लहान पाळणेवाला दोन दिवस आमच्याकडे थांबतो. यंदा गावातल्या मंडळाच्या पोरांनी ठरवलं की भूत बंगला बाहेरचा आणायचा नाही, आपणच करायचा. बांबू त्यांचे, काळं कापड शिवायचं आम्ही. आमच्याकडे चार मशीन आहेत. मीटरमागे पैसे ठरले, कापड आलं, आम्ही बसलो शिवायला.

चौथ्या दिवशी पोरं पाटी घेऊन आली. बंगल्याच्या दारात लावायची पाटी. त्यावर गोष्ट लिहिली होती. नवी नवरी, अमावास्येची रात्र, वाडीतली विहीर, आणि अजून ती हिरव्या साडीत फिरते. विहीर कुठली तेही लिहिलं होतं. तीच गोष्ट स्पीकरवरून बाईच्या आवाजात लावणार होते.

आमच्यातली एक शिवता शिवता उठली आणि मागच्या पडवीत जाऊन उभी राहिली. तिची मोठी बहीण त्या विहिरीत गेली होती. चोवीस वर्षं झाली. का गेली ते आमच्या वयाच्या सगळ्यांना माहीत आहे. या पोरांना माहीत नव्हतं, ती तेव्हा जन्मलीच नव्हती. त्यांच्या कानावर आलं ते फक्त भूत. त्या भुताला नाव होतं, सासर होतं, एक लहान मुलगी होती, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. यात पोरांचा दोष कमी आणि आमचाच जास्त, हेही आम्ही त्या दिवशी कबूल केलं.

पोरं ओशाळली. पाटी उलटी करून भिंतीला लावली. पण जाता जाता त्यातला एक म्हणाला, "काकी, पण गोष्टच नसेल तर लोक आत येतील कशाला?"

प्रश्न रास्त होता. आम्हाला चटकन उत्तर देता आलं नाही.

पहिल्या शुक्रवारी आमच्यातली सगळ्यात मोठी बोलली. तिला आम्ही आई म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे. ती म्हणाली, आमच्या वेळी रहाटपाळणा असायचा, लाकडी, चार पेट्यांचा. इंजिन नाही, दिवे नाहीत. दोन गडी हातानं ओढायचे. त्याला कुठली आली गोष्ट? वर गेलं की पोटात खड्डा पडायचा आणि खाली आलं की आई दिसायची.

रहाटपाळणा या शब्दाकडे आम्ही कधी लक्षच दिलं नव्हतं. आपल्या अष्टागरात नारळी-पोफळीच्या वाड्यांना पाणी विहिरीवरच्या रहाटानं देत. बैल गोल फिरायचा, रहाटाला बांधलेली मडकी भरून वर यायची आणि रिकामी होऊन खाली जायची. ते पाहूनच लोकांनी त्या पाळण्याला हे नाव दिलं असणार. मडक्यांच्या जागी माणसं बसवली, एवढंच. पंप आल्यावर रहाट गेले, नाव मात्र पाळण्यात राहिलं.

आणि हा काही आपल्याकडचाच खेळ नाही. सतराव्या शतकात तुर्कस्तानच्या बाजूला गेलेल्या युरोपच्या प्रवाशांनी असे लाकडी पाळणे पाहून लिहून ठेवले आहेत. पुढे १८९३ साली अमेरिकेत शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरनं लोखंडाचा प्रचंड पाळणा उभा केला. उंची २६४ फूट. त्याला ३६ डबे, एकेका डब्यात साठ माणसं. हिशोब करा, एका वेळी दोन हजारांच्या वर माणूस आभाळात. त्यालाही गोष्ट नव्हती. लोक रांग लावून बसले, कारण तेवढ्या उंचीवरून आपलं शहर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग विषय निघाला नागकन्येचा. तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी तो तंबू पाहिला असेल. बाहेर रंगवलेला पडदा, आत एका पेटीत मुलीचं डोकं आणि खाली सापाचं शरीर. आम्ही लहानपणी पाहिलं तेव्हा बाहेरचा माणूस भोंग्यावर ओरडायचा, हिनं आईचं ऐकलं नाही, म्हणून हिची ही गत झाली. आम्ही आत जाऊन तिच्याकडे बघायचो आणि घरी येऊन चार दिवस आईचं ऐकायचो. आता कळतं की ती पेटीत मान अडकवून बसलेली कोणाची तरी पोर होती. दिवसभर बसायची. तिची खरी गोष्ट काय असेल, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही, कारण भोंग्यावर एक गोष्ट आधीच मिळाली होती.

मौत का कुवा आठवा. तिथे कोणी गोष्ट सांगतं का? लाकडाच्या फळ्यांच्या विहिरीत मोटारसायकल भिंतीवर आडवी फिरते, फळ्या खडखडतात, आपण वरून वाकून बघतो आणि श्वास घ्यायचा विसरतो. तो माणूस पडेल की नाही, एवढीच काय ती गोष्ट.

दुसऱ्या शुक्रवारी सहलीचा विषय निघाला. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहल फंडातून इमॅजिकाला गेलो होतो. आपल्याच जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर. २०१३ साली ते सुरू झालं. पेणहून खोपोलीच्या रस्त्यानं मिनीबस केली. पैसे साठवायला वर्ष लागलं, हेही सांगतो, कारण तिकीट आपल्या खिशाला जड आहे.

तिथे प्रत्येक खेळाला काही ना काही सोंग आहे. अलिबाबाचे चोर आहेत, ते दिसले की बंदुकीनं टिपायचे. पाण्यातली होडी आहे, तिच्या वाटेवर राजासॉरस नावाचा डायनासोर. हा राजासॉरस खरा हं. त्याची हाडं गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला ते नाव दिलं. मिस्टर इंडियाचा खेळ आहे, १९८७ च्या त्या पिक्चरवरचा. आणि नायट्रो नावाची रोलर कोस्टर आहे. चाळीस मीटरच्या आसपास उंच, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग. पायाखाली फळी नाही. पाय मोकळे लोंबतात आणि गाडी उलटी होते.

आम्ही त्या बैठकीत एकमेकींना विचारलं, कशाकशाची गोष्ट आठवते? अलिबाबा सगळ्यांना आठवला, पण तो आधीपासूनच ठाऊक होता. मोगँबोही तसाच. तिथे कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. बाकीच्या खेळांत काय काय सांगितलं होतं ते कोणालाही धड सांगता येईना. नायट्रोवर मात्र आमच्यातल्या तिघी बसल्या होत्या, आणि त्या अजून बोलतात. एकीनं वर चढताना कुलदैवताचं नाव घेतलं, दुसरीनं नवऱ्याचं. तिसरी म्हणाली, खाली येताना मला कर्ज, शाळा, गुडघा, काही म्हणजे काही आठवलं नाही. दीड-दोन मिनिटं डोकं रिकामं झालं, असं लग्नानंतर पहिल्यांदाच.

पण आमच्यात एकमत झालं असं समजू नका. ज्यांना चक्कर येते, बीपी आहे, कंबर धरते, त्या दोघी-तिघी म्हणाल्या, तुम्हाला काय, तुम्ही उलट्या लटकलात. आम्हाला गोष्टच लागते. आम्ही होडीत बसलो, डायनासोर बघितला, भिजलो, आमचा दिवस चांगला गेला. हे आम्हाला पटलं. ज्या खेळात बसून बघायचंच असतं, तिथे बघायला काहीतरी हवं. ज्या खेळात पोटच वर येतं, तिथे कानाला कोण विचारतं?

परत येताना ड्रायव्हरनं साजगावचा रस्ता दाखवला. खोपोलीजवळ साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते, कार्तिकी एकादशीपासून. सुक्या मासळीची मोठी यात्रा, आपल्याकडच्या बायका तिथे बोंबील, सुकट विकायला जातात. तुकोबा मिरचीच्या व्यापाराला कोकणात आले होते, त्यांची उधारी वसूल करायला विठोबा स्वतः धावला, अशी कथा तिथे सांगतात. देवळाची कथा ही अशी, पिढ्या न् पिढ्या माणसं सांगत आली म्हणून टिकलेली. तिथल्या पाळण्याच्या खांबावर मात्र ती कोणी लिहीत नाही. पाळणा देवळाबाहेर फिरतो, बोंबील शेजारी विकला जातो, आणि कोणाचं काही अडत नाही.

तिसऱ्या शुक्रवारी आमच्यातल्या एकीची भाची आली होती. पनवेलला कॉलेजात आहे. तिला आमचा विषय कळल्यावर ती म्हणाली, मावशी, यावर अमेरिकेत लोक भांडतात. मग तिनं मोबाईलवर दाखवून सांगितलं. ते थोडं लांबलं, पण आम्हाला त्यातच उत्तर सापडलं, म्हणून तुम्हालाही सांगतो.

कॅलिफोर्नियात डिस्नेलँड नावाची बाग आहे, १९५५ सालची. तिथे १९६७ साली समुद्री चाच्यांचा खेळ सुरू झाला. होडीत बसायचं आणि दोन्ही बाजूंना चाचे गाव लुटताना बघायचे. पहिला कोण, शेवटी काय होतं, असं काही नाही. बाहुले हलतात, आग लागते, गाणं वाजतं. १९६९ साली तिथेच भुताचा वाडा उघडला. तो बांधायच्या आधी एका कलाकारानं एका कप्तानाची लांबलचक कथा रचली होती. शेवटी ती बाजूला ठेवली गेली. वाड्याच्या माळ्यावर एक नवरी उभी केली, छातीत धडधडणारं काळीज घेऊन. ती कोण, तिचं काय झालं, कोणी सांगितलं नाही. लोक आपापल्या मनानं काय ते ठरवत.

पुढे कंपनीला वाटलं गोष्टी हव्यात. चाच्यांवर २००३ साली पिक्चर निघाला, तो चालला, म्हणून २००६ साली पिक्चरमधला नायक त्या खेळात आणून बसवला. त्याच वर्षी माळ्यावरच्या नवरीला नाव मिळालं आणि कथाही मिळाली. काय कथा? तिनं पैशासाठी एकामागून एक नवरे मारले. भिंतीवर लग्नाचे फोटो असत आणि त्यातल्या नवऱ्यांची मुंडकी गायब होत.

आम्ही आधी खूप हसलो. दोघी-चौघींनी काय काय म्हटलं ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. मग आईच म्हणाली, सदतीस वर्षं ती बाई नुसती उभी होती. आपण तिच्याकडे बघून हळहळलोही असतो. गोष्ट लिहायला बसले आणि तिची डाकीण केली. इथे विहीर, तिथे कुऱ्हाड. बाईच का घेतात गं?

भाचीनं मग चाच्यांच्या खेळातलं आणखी एक दृश्य सांगितलं. गावातल्या बायकांना दोरीनं बांधून रांगेत उभं केलं आहे आणि चाचे त्यांचा लिलाव करताहेत. आणि हे हसण्यासाठी. पन्नास वर्षं पोराबाळांना घेऊन कुटुंबं त्यासमोरून होडीतून जात होती. २०१८ साली ते बदललं. आता लिलाव लुटीच्या मालाचा होतो, आणि रांगेतली लाल केसांची बाई स्वतःच चाची होऊन बंदूक घेऊन उभी आहे. जुनंच बरं होतं असं म्हणणारे तिथेही पुष्कळ निघाले. पण होडी तीच, पाणी तेच, गाणंही तेच. मजा त्या दृश्यात नव्हतीच, म्हणून ते काढल्यावर खेळ बुडाला नाही.

शेवटचं सांगितलं ते आमच्या कामाचं निघालं. तिथे एक पाण्याचा खेळ होता, १९८९ चा. ओंडक्याच्या होडीतून शेवटी पन्नासएक फूट खाली धबधब्यात पडायचं. तो १९४६ च्या ज्या पिक्चरवर केला होता, त्यात गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळातली काळी माणसं मळ्यावर कशी आनंदात होती असं दाखवलं होतं, आणि त्यावर फार टीका झाली. म्हणून तो खेळ बदलून २०२४ साली टियाना नावाच्या काळ्या मुलीच्या नावानं नवा सुरू केला. आता टियानाची कथा ऐका. तिनं मिठाच्या खाणीची टेकडी घेतली आणि तिथे खाद्यपदार्थांचा उद्योग काढला, सहकारी तत्त्वावर, कामगारच मालक.

एवढं ऐकलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीठ, मसाले, सहकार, बायको माणूस पुढारी. हे तर आपलंच! पेण-उरणच्या मिठागरांतून कितीतरी बायकांनी टोपल्या वाहिल्या आहेत. आमच्या एका मैत्रिणीच्या सासूनं वाहिल्या.

मग आम्ही विचारलं, होडीत बसल्यावर काय दिसतं? भाची म्हणाली, गाण्याच्या समारंभासाठी ती वादक शोधत असते. आणि सहकारी संस्था? ती बहुतेक रांगेतल्या वस्तूंवर, पाट्यांवर. म्हणजे संस्था बाहेर आणि समारंभ आत. आमची हिशोबाची वही सांभाळणारी म्हणाली, एवढी संस्था काढली आणि तिचं एक भांडण नाही, एक थकलेला हप्ता नाही? पन्नास फूट खाली पडताना कोणाला कळणार आहे ती जमीन कोणी घेतली ते?

आम्हाला ती कथा वाईट वाटली नाही. बाईला पेटीत घालणाऱ्या, विहिरीत घालणाऱ्या कथेपेक्षा शंभरपट बरी. फक्त ती खेळाच्या अंगात मुरलेली नाही, वरून बांधलेली आहे. ताटाखालच्या रांगोळीसारखी, आहे तर आहे, जेवण त्यावर अडत नाही.

या सगळ्यात आम्ही पोरांना जे सांगितलं ते साधं होतं. अंधार करा. माणूस अंधारात घाबरतो, त्याला कारण लागत नाही. आणि जे घाबरवायचं ते हाताला, गालाला लागू दे, कानात सांगू नका. कोळीवाड्यातून जुनी ओली जाळी आणा आणि डोक्याच्या उंचीवर टांगा. खाली पायाला लागेल असा शेवाळाचा काथ्या. शेवटच्या वळणावर सुक्या बोंबलांची माळ तोंडावर यावी. ही शेवटची कल्पना आईची.

आणखी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. पाटीवर गोष्ट लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ बाहेर पडायच्या वाटेला द्या. काळ्या कापडात आग लागली तर? आम्हीच शिवलं आहे, आम्हाला माहीत आहे ते कसं जळतं. म्हणून दोन दारं ठेवा, आत मेणबत्ती किंवा उघडी वायर नको, आणि एक जाणता माणूस आत टॉर्च घेऊन उभा राहू दे. पाळण्यात बसतानाही तेच. बसायच्या आधी पेटीची कडी आणि पिन हातानं हलवून बघा. पाळणेवाला रागावला तर रागावू दे. पंचायतीला, पोलीस ठाण्याला परवानगी दाखवली आहे का, हे विचारायला लाजू नका. पदर खोचा, ओढणी गाठ मारून बांधा, वेणी आत घ्या. फिरत्या चाकात केस आणि ओढणी जाते, ही बनवलेली गोष्ट नाही.

जत्रा मागच्या आठवड्यात झाली. भूत बंगल्याच्या दारात पाटी होती, तिच्यावर दोनच ओळी: भूत बंगला, तिकीट वीस रुपये. स्पीकरही नव्हता. आतून येणाऱ्या किंकाळ्याच बाहेरच्यांना ऐकू येत होत्या, आणि रांग त्यामुळेच लागली. बोंबलाच्या माळेला पहिल्या रात्रीच कोणाचा तरी हात लागला आणि चार बोंबील कमी झाले. भुतानं नेले म्हणतात.

आमची ती मैत्रीण आत गेली नाही. ती आमच्या घावनाच्या गाडीवर होती, समोरच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची भाची आली, बहिणीची मुलगी, आता सव्वीस वर्षांची, सासरी पेणला असते. तिनं दोन तिकिटं काढली, पाळण्याची. मावशी नको नको म्हणत होती, तव्यावर घावन आहे म्हणत होती. आम्ही तवा उतरवला. त्या दोघी वर गेल्या तेव्हा आम्ही खालून बघत होतो. वरून त्यांना वाडी दिसली असेल, विहीरही दिसली असेल. खाली आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्ही विचारलं नाही. मावशीनं पुन्हा तवा ठेवला, भाचीनं पीठ ढवळलं.

पोरांनी शिलाईचे पैसे दिले आहेत, साडेतीनशे बाकी आहेत. ते येत्या शुक्रवारी देतो म्हणालेत.